चिंचोळी आणि सिव्हिलच्या मधले घर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सकाळच्या पाळीला जाता, पत्नी सिव्हिलमध्ये कंत्राटी परिचारिका आहेत आणि त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते. मुलगी तिसरीत, मुलगा बालवाडीत, आई सोबत. बार्शीहून येऊन दीड वर्ष झाले आणि आता भाड्याचे घर सोडावे लागणार आहे. हातात येणारा पगार आपला ३६ हजार, पत्नीचा २२ हजार, शिल्लक सात लाख. पंचवीस लाखांपर्यंतचे घर घ्यावे असा विचार आहे आणि भेटेल तो माणूस ‘जुळे सोलापुरात बघा’ असे सांगतो. मी गेली सव्वीस वर्षे सोलापुरात बँकांसाठी मालमत्तांचे मूल्यांकन करतो, त्यामुळे घर घेतल्यानंतर लोकांचे काय होते हे मला विक्रेत्यांपेक्षा जास्त वेळा पाहायला मिळते. आपल्या बाबतीत माझे मत असे आहे की जुळे सोलापूर नको, पंचवीस लाखही नकोत, आणि निदान पहिले वर्षभर खरेदीही नको.

जुळे सोलापूर ही वाईट वस्ती नाही. रस्ते रुंद आहेत, शाळा आहेत, दवाखाने आहेत, विजापूर रस्त्यावर कामाला जाणाऱ्या माणसासाठी तिच्यासारखी जागा नाही. पण चिंचोळी शहराच्या वायव्येला पुणे रस्त्यावर आणि जुळे सोलापूर दक्षिणेला. म्हणजे आपल्याला रोज अख्खे शहर ओलांडून कामावर जायचे आणि तसेच परत यायचे. सोलापूरचा नकाशा रेल्वेरुळांनी चिरलेला आहे, त्यामुळे शहर ओलांडणे म्हणजे ठरावीक पुलांवरून आणि ठरावीक चौकांतून जाणे, आणि पाळी सुटण्याच्या व शाळा भरण्याच्या वेळी त्या पुलांवर काय होते हे आसऱ्याच्या पुलावर एकदा अडकलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली की मधल्या भागातले रस्ते वळवले जातात, ते वेगळेच.

हा हिशेब रुपयांत मांडून पाहा. पुणे रस्त्यावरच बाळे हा भाग आहे, त्या बाजूला राहिलात तर जुळे सोलापूरच्या तुलनेत जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर वाचतात. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ५२० किलोमीटर, लिटरला पन्नास देणाऱ्या गाडीला दहा लिटरपेक्षा थोडे जास्त पेट्रोल, म्हणजे हजार-अकराशे रुपये, टायर आणि सर्व्हिसिंग निराळे. रक्कम छोटी वाटेल. पण एका वेळेला पंचवीस मिनिटे वाचली तरी महिन्याला एकवीस-बावीस तास होतात, आणि तिसरीतल्या मुलीच्या अभ्यासाला बसणारा बाप घरी असणे यातूनच साधते. शिवाय सुरक्षिततेचा मुद्दा आहे. दुचाकीवर दमलेल्या माणसाने अवजड वाहनांच्या रस्त्यावर रोज वीस किलोमीटर जास्त चालवणे हा माझ्या मते घराच्या सुरक्षिततेचाच भाग आहे. घराला लोखंडी दरवाजा आहे की नाही याची चौकशी करणारे लोक ही चौकशी करत नाहीत. आपल्या कारखान्याची बस असेल तर ती कुठून सुटते आणि कुठे थांबते हे आधी विचारा, कारण थांब्यापासून पायी दहा मिनिटांवरचे घर मिळाले तर सगळाच हिशेब बदलतो.

तरीही घराची जागा आपल्या प्रवासावरून ठरवू नये, पत्नीच्या प्रवासावरून ठरवावी. आपली पाळी ठरलेली आहे, दिवसाची आहे. त्यांची दुपारची पाळी संपवून हातातले काम पुढच्या सिस्टरकडे सोपवेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात आणि रात्रपाळीला जाताना त्या अंधारातच बाहेर पडतात. कुटुंबातल्या ज्या माणसाचा प्रवास सर्वांत अवघड, त्याच्या वाटेवर घर, हा नियम मी नेहमी सांगतो. त्या दृष्टीने जुना पुणे नाका, अवंतीनगर, दमाणीनगर, मुरारजी पेठेची बाहेरची बाजू आणि तिथून पुढे पुणे रस्त्याने बाळ्यापर्यंतचा पट्टा आपण पाहावा. सिव्हिलकडून या बाजूला यायला वर्दळीचा रस्ता आहे, शेअर रिक्षा मिळते आणि आपल्याला सकाळी शहराच्या उलट दिशेला, मोकळ्या रस्त्याने जाता येते. केगावला विद्यापीठाच्या आसपास जागा स्वस्त आणि प्रशस्त दिसतील, पण रात्री नऊनंतर तिथल्या आतल्या रस्त्यांवर एकट्या बाईने उतरून चालत जाण्याचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा आणि मग ठरवा.

मुख्य रस्ता कितीही उजेडाचा असला तरी शेवटचे तीन-चारशे मीटर वेगळे असतात. रिक्षा कोपऱ्यावर सोडते, पुढे मोकळे प्लॉट, वेड्या बाभळी, भटकी कुत्री आणि दिवा नसलेला खांब. म्हणून घर पाहायला सकाळी अकरा वाजता एजंटच्या गाडीतून जाऊ नका. पत्नीला घेऊन रात्री साडेनऊला सिव्हिलपासून रिक्षाने निघा, कोपऱ्यावर उतरा आणि चालत दारापर्यंत जा. वाटेत एखादे किराणा दुकान किंवा औषधाचे दुकान त्या वेळी उघडे असेल तर त्याची किंमत मी चार पथदिव्यांपेक्षा जास्त धरतो. तसेच बाळ्याच्या बाजूला घर पाहताना महामार्गाच्या कोणत्या बाजूला शाळा आहे ते आधी पाहा आणि त्याच बाजूला घर घ्या. मुलीला रोज दोनदा महामार्ग ओलांडायला लावणारे घर पाच लाखांनी स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, असे मी माझ्या स्वतःच्या भाच्याला सांगितले आहे.

आता पाणी. बार्शीहून आलेल्या माणसाला पाणीटंचाई नवी नाही, पण सोलापूरची तऱ्हा निराळी आहे. इथे उजनीचे, टाकळीचे आणि हिप्परग्याचे पाणी येते, आणि तरी नळाला रोज पाणी येत नाही. मध्ये तीन, चार, कधी पाच दिवस जातात. त्यामुळे ‘पाणी आहे का’ हा प्रश्नच चुकीचा. किती दिवसांआड येते, किती वाजता येते, किती वेळ येते आणि शेवटच्या घराला दाबाने चढते का, हे चार प्रश्न विचारावेत, आणि ते घरमालकाला न विचारता गल्लीतल्या बाईंना विचारावेत, कारण हंडे भरणाऱ्याला खरे माहीत असते. हिशेब सोपा आहे. शहरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. आपण पाच माणसे, पाच दिवसांचे अंतर, म्हणजे ३,३७५ लिटर. निम्म्यात भागवायचे ठरवले तरी सतराशे लिटर साठवायला जागा हवी. खाली हौद आणि वर टाकी मिळून एवढी साठवण त्या घरात, किंवा अपार्टमेंट असेल तर आपल्या वाट्याला, येते का ते मोजा. पाणी मध्यरात्री येणार असेल तर उठून मोटार कोण लावणार, हाही प्रश्न आहे. पत्नी रात्रपाळीला आणि आपल्याला पहाटे उठायचे असेल तर ते काम आईवर येते. बोअर असेल तर एप्रिल-मे महिन्यात ती चालते का ते शेजाऱ्याला विचारा. पावसाळ्यात चालणाऱ्या बोअरचा भरवसा धरू नये.

पाण्याची दुसरी बाजू म्हणजे नको तेव्हा येणारे पाणी. मी सुचवलेल्या पट्ट्याचा हा एक खरा दोष आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. हिप्परग्याचा तलाव, म्हणजे एकोणिसाव्या शतकात बांधलेला एकरुख तलाव, भरून सांडवा वाहू लागला की ते पाणी आदिला नाल्यातून शहराच्या उत्तरेकडून पश्चिमेला जाते, आणि नाल्याच्या काठाने गेल्या काही वर्षांत भराव टाकून घरे उभी राहिली आहेत. ऑक्टोबर २०२० मधल्या पावसानंतर काही महिन्यांनी अशाच एका घराच्या मूल्यांकनासाठी मी गेलो होतो. घर नव्याने रंगवलेले, फरशी चकचकीत. मी मालकांना दिवाणखान्यातले लाकडी कपाट थोडे सरकवायला सांगितले. मागे रंग पोचला नव्हता आणि भिंतीवर जमिनीपासून गुडघ्याच्या वर एक सरळ तपकिरी रेघ होती, तिच्याखाली गिलाव्याला मिठासारखी पांढरी पूड सुटलेली. बोटाने घासली की गिलावा पिठासारखा खाली पडत होता. कपाटाच्या पायांवरही त्याच उंचीपर्यंत डाग होता. ते घर घेणारे जोडपे बाहेर ओट्यावर उभे राहून पडदे कोणते लावायचे याची चर्चा करत होते. म्हणून सांगतो, कपाट सरकवायला लाजू नका, विजेचे बोर्ड किती उंचीवर बसवले आहेत ते पाहा, आणि शेजारच्या जुन्या घराचा उंबरा नव्या घरापेक्षा तीन-चार फूट खाली असेल तर भराव कशासाठी टाकला ते विचारा.

हद्दवाढ भागात, म्हणजे १९९२ साली महापालिकेत आलेल्या गावांच्या शिवारात, आणखी एक गोष्ट पाहावी लागते ती म्हणजे काळी माती. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. आडवी बारीक चीर गिलाव्याची असू शकते, पण तिरपी आणि नखाचे टोक आत जाईल इतकी रुंद चीर पायाची असते. जिथे ड्रेनेजची लाइन पोचलेली नाही तिथे शोषखड्डा असतो आणि काळ्या मातीत शोषखड्डा शोषत नाही, त्यामुळे जुलैनंतर तो अंगणात वर येतो. लहान मुले असलेल्या घरात हा आजाराचा प्रश्न आहे. ‘ड्रेनेज मंजूर आहे’ हे वाक्य मी हद्दवाढ भागात इतक्या वर्षांपासून ऐकतो आहे की आता मी फक्त चेंबरचे झाकण उघडून पाहतो.

कागदपत्रांबद्दल मी जरा विस्ताराने लिहितो, कारण सोलापुरात कष्टाचे पैसे बुडतात ते मुख्यतः इथेच. आपल्याला ‘एक गुंठा, रोड टच, हप्त्याने’ अशा जागा दाखवल्या जातील. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतजमिनीचा रीतसर बिनशेती आदेश आणि मंजूर रेखांकन न घेता असे तुकडे विकले जातात आणि खरेदीदारांची नावे एकाच सामाईक सात-बारावर एकाखाली एक चढतात, किंवा चढतही नाहीत. १९९८ साली मी स्वतः असा प्लॉट घेतला होता. तेव्हा मी या व्यवसायात आलो नव्हतो. विकणाऱ्याने शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून दिली आणि ‘खरेदीखत नंतर करू’ म्हणाला. ते नंतर अकरा वर्षांनी आले, मधल्या काळात त्याच्या भावांनी हक्क सांगितला आणि वडिलांची फंडाची रक्कम त्या जागेत अडकून पडली. वडील गेले तेव्हा जागा आमच्या नावावर झालेली नव्हती. नोटरी केलेल्या कागदाने मालकी मिळत नाही. मालकी मिळते ती नोंदणीकृत खरेदीखताने.

महाराष्ट्रात गुंठेवारी, म्हणजे अशी तुकड्यांनी विकलेली जागा, नियमित करण्याचा कायदा २००१ साली झाला आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. त्यामुळे गुंठेवारीतले प्रत्येक घर टाळावे असे नाही. पण नियमित झाल्याचे प्रमाणपत्र विकणाऱ्याच्या हातात आज असले पाहिजे. ‘प्रकरण टाकले आहे’ या शब्दांवर एक रुपयाही देऊ नका. बाळ्या-केगावच्या पुढे पाकणीच्या बाजूला गेलात तर ग्रामपंचायतीची हद्द लागते आणि तिथे ‘नमुना आठ’ दाखवला जातो. नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे, आणि गावठाणाबाहेरच्या बांधकामाला ग्रामपंचायतीचे नाहरकत पत्र म्हणजे परवानगी नव्हे. बँक असे घर तारण घेत नाही. बँकेने नाकारलेले घर घेऊ नये, कारण उद्या आपल्याला विकायचे झाले तर घेणाऱ्यालाही बँक नाकारणार आहे.

फ्लॅट पाहत असाल तर पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा नवा प्रकल्प महारेरा या गृहप्रकल्पांच्या नियामक प्राधिकरणाकडे नोंदलेला असलाच पाहिजे. नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाची तारीख स्वतः पाहा. करारनामा नोंदवण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही. तयार फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा. जुन्या सदनिकेबाबत मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्या, आणि तो वकील विकणाऱ्याने सुचवलेला नसावा.

आता पैशांचे. पंचवीस लाखांच्या घरासाठी वीस लाखांचे कर्ज घ्यावे लागले तर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता सुमारे १७,३५० रुपये येतो. दोघांचा पगार धरला तर तो तीस टक्के दिसतो आणि बँकेचा माणूस हसून मान डोलावतो. पण पत्नीची नोकरी कंत्राटी आहे. कंत्राट एक वर्ष नूतनीकरणाविना राहिले तर तोच हप्ता आपल्या एकट्याच्या पगाराचा जवळजवळ निम्मा होतो, आणि घरात शाळेची फी व आईची औषधे आहेत. हप्ता आपल्या एकट्याच्या पगारावर पेलला पाहिजे. पंधरा लाखांच्या कर्जाला सुमारे १३,००० रुपये हप्ता बसतो, तो ओढाताणीने का होईना पेलतो. पंधरा लाख कर्ज आणि सात लाख शिल्लक मिळून बावीस. त्यातून मुद्रांक आणि नोंदणीचे दीडएक लाख, हौद-टाकी-जाळ्यांचे लाखभर काढले की घरासाठी साडेएकोणीस लाख उरतात. हेच आपले खरे अंदाजपत्रक आहे. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सहा टक्क्यांच्या आसपास पडते आणि फक्त स्त्रीच्या नावाने खरेदी केल्यास एक टक्का सवलत आहे. दोघांची नावे लावल्यास ती मिळत नाही. घर पत्नीच्या नावावर घेऊन कर्जात दोघांनी राहणे हे मला आपल्यासाठी योग्य वाटते. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वर्षाला नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि स्वतःचे पक्के घर नसलेल्या कुटुंबाला, पस्तीस लाखांपर्यंतच्या घरावर, पहिल्या आठ लाख कर्जावर व्याजाची सवलत आहे, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. त्यासाठी बँकेकडे आधीच विचारणा करा, पण ती मिळेल असे धरून घराचा आकडा वाढवू नका. पुणे मंडळाच्या म्हाडा सोडतीत सोलापूरची घरेही येतात, तिकडेही लक्ष ठेवा.

साडेएकोणीस लाखांत जुन्या पुणे नाक्याजवळ नवा फ्लॅट मिळणे अवघड आहे. दहा-पंधरा वर्षांचा, दोन खोल्यांचा, पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट शोधावा. सर्वांत वरचा मजला स्वस्त मिळतो, पण आईला दिवसभर घरात राहायचे आहे आणि सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीसपर्यंत जातो. गच्चीखालचा, पश्चिमेला उघडी भिंत असलेला फ्लॅट म्हाताऱ्या माणसाला सोसत नाही. पेठांतली जुनी माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरे उन्हाळ्यात थंड असतात आणि भाडेही कमी असते. पण तुळया वाळवीने खाल्लेल्या नाहीत ना, आणि माळवदावर दरवर्षी नवी माती टाकून त्याचे वजन वाढवलेले नाही ना, हे पाहिल्याशिवाय त्यात मुलांना झोपवू नका. पूर्व भागात एखादे घर आवडले तर खालच्या मजल्यावर किंवा शेजारी यंत्रमाग आहेत का ते रात्री जाऊन ऐका. रात्रपाळी करून आलेल्या बाईला दिवसा त्या खटखटीत झोप लागणार नाही.

कुंभारीच्या विडी कामगार घरकुलाचे आणि रे नगरचे उदाहरण आपल्याला अनेक जण देतील. पहिल्यातली दहा हजार घरे २००६ पासून आहेत आणि रे नगरच्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आल्या. असंघटित कामगारांनी लढून मिळवलेली ती हक्काची घरे आहेत आणि त्यांचे मोल मला मोठे वाटते. पण ती शहराच्या पूर्वेला आहेत, ठरावीक लाभार्थ्यांसाठी आहेत, आणि त्यातले घर ‘आतल्या आत’ विकत देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

या सगळ्यामुळे मी आधी एक वर्ष भाड्याने राहा असे म्हणतो. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. खर्च फार नाही, नोंदणीचे एक हजार आणि मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का. अनामत किती आणि परत कधी, पाण्याच्या टँकरचे पैसे कोण देणार, हे करारात लिहून घ्या.

भाड्याचे घर बाळे ते जुना पुणे नाका या टापूत, पत्नीची दुपारची पाळी असलेल्या आठवड्यात शोधायला सुरुवात करा, म्हणजे रात्रीची वाट आपोआप तपासली जाईल. मग वर्षभरात एक मे महिना आणि एक पावसाळा त्या भागात काढा, नळाच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि सप्टेंबरात जोराचा पाऊस होऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आदिला नाल्याच्या दोन्ही काठांनी दुचाकीवरून एक चक्कर मारा. पाणी कुठवर आले होते ते कुंपणांना अडकलेल्या काडी-कचऱ्यावरून दिसते. त्या रेषेच्या वरच्या गल्ल्यांची नावे लिहून घ्या आणि त्या गल्ल्यांतलीच घरे पाहायला लागा.